वर येण्याची ओळ

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी एक्केचाळीस नंबरची चाचणी नापास झाली. हर्षालीने चहाचा कप ओठांपर्यंत नेला होता, तो तसाच खाली ठेवला. आधीच्या चाळीस चाचण्या ठरल्याप्रमाणे झाल्या होत्या, म्हणजे कंपायलरने, लिहिलेला प्रोग्राम वाचून यंत्राला समजेल असा करून देणाऱ्या प्रोग्रामने, चाळीसच्या चाळीस नाकारले होते. तेच हवं होतं. तिचं कामच तसं उलटं होतं. मुद्दाम चुकीचे, लहान लहान प्रोग्राम लिहायचे आणि कंपायलर त्यांना दारातूनच परत पाठवतो का ते बघायचं. एक्केचाळिसावा सगळ्यांत सोपा, आठ ओळींचा होता. इतका सोपा की तो तिने सगळ्यांत शेवटी, यादी पुरी करायची म्हणून लिहिला होता. आणि कंपायलरने तो मुकाट आत घेतला.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका दुमजली शेडमध्ये ही कंपनी होती. खालच्या मजल्यावर शेतीपंपांचे, फोनवरून चालू-बंद होणारे स्टार्टर जुळवले जात आणि वरच्या मजल्यावर त्यांच्या आत बसायचा प्रोग्राम लिहिला जाई. जुना प्रोग्राम दोन वर्षांपासून रस्ट नावाच्या भाषेत नव्याने लिहिणं चालू होतं, कारण त्या भाषेत एक नियम होता. एखाद्या वस्तूकडे एकाच वेळी कितीही जणांनी पाहावं, पण तिच्यात बदल करायचा तर एकानेच करायचा, आणि त्या वेळी तिच्याकडे पाहणारं दुसरं कुणी असता कामा नये. नियम एवढाच. पण तो कंपायलर पाळून घेई. प्रोग्राम चालायच्या आधी, वीज वाहायच्या आधी, नुसती अक्षरं वाचून तो सांगे की इथे एक जण पाहतो आहे आणि इथे तू हात घालते आहेस, मी हे पुढे जाऊ देणार नाही. हर्षालीला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती आणि त्या दिवशी तिने जेवणाचा डबा तसाच घरी नेला होता. आईने विचारलं, भाजी बिघडली होती का? भाजी बिघडली नव्हती. झालेल्या चुका शोधणारी यंत्रं तिने कॉलेजात पाहिली होती. न झालेल्या चुकीचा हात धरणारं काही असू शकतं, याची तिला कल्पना नव्हती. ती घरी गेली, हातपाय धुतले आणि मळ्यातल्या विहिरीकडे बराच वेळ बघत बसली.

एक्केचाळिसाव्या चाचणीत विहीरच होती. पहिल्या दोन ओळींत मोटर होती. तिसऱ्या ओळीत एक माणूस मोटरीच्या कामाला खाली उतरत होता. हर्षालीने त्याचं नाव ‘खालचा’ ठेवलं होतं. त्याने मोटरीकडे पाहण्याचा हक्क घेतला होता, आणि चौथ्या-पाचव्या ओळीत त्याने मोटर बंद आहे ना, एवढं पाहून घेतलं होतं. सातव्या ओळीत वरून कुणीतरी मोटर चालू करत होतं. चालू करणं म्हणजे बदल. खालचा पाहतो आहे, वरचा बदलतो आहे, नियम मोडला. कंपायलरने अडवायलाच हवं होतं. त्याने अडवलं नाही. सोमवारी नव्या प्रोग्रामचे पहिले सात स्टार्टर सात विहिरींवर बसणार होते. सातातली एक विहीर मखमलाबादची, तिच्या वडिलांची होती. आज दुपारी चारपर्यंत हर्षालीने ‘नियम तपासले’ असं लिहून सही केली की पेट्या बंद होणार होत्या.

“रोहित, जरा इकडे ये,” ती म्हणाली. शेजारच्या टेबलावरचा रोहित खुर्चीसकट सरकत आला. त्याला उठायचा कंटाळा होता, आणि ऑफिसातल्या फरशीवर त्याच्या खुर्चीचे चर पडले आहेत असं सगळे म्हणत.

“बोला मॅडम. काय झालं?”

“कंपायलर चुकला.”

“हो का! मग पेपरात देऊ. अंबडच्या मुलीने जगाचा कंपायलर पकडला.” त्याने आठ ओळी वाचल्या. मग बोट पडद्याला लावून सातव्या ओळीखाली सरकवलं. “हे बघ. मोटर चालू केल्यानंतर, याच्या खाली, ‘खालचा’ परत कुठे आलाय?”

“नाही आला.”

“मग झालं. पाचव्या ओळीनंतर त्याचं नाव कुणी घेतलेलंच नाही. म्हणजे तो संपला. कंपायलरच्या लेखी आता विहिरीत कुणी नाही.”

“पण तो उतरलाय, रोहित. तिसऱ्या ओळीत उतरलाय.”

“उतरला असेल. त्याचं पुढे काम पडणार आहे का, एवढंच तो बघतो. पुढे त्याला कुणी हाक मारत नसेल तर त्याने मोटर अडवून कशाला धरायची? बरोबरच आहे की.” आणि तो आला तसा सरकत गेला.

नियम तिला माहीत होता. वाचलाही होता, परीक्षेत लिहिता आला असता इतका. पाहण्याचा हक्क प्रोग्रामचा शेवटचा महिरपी कंस बंद होईपर्यंत टिकत नाही, शेवटच्या वापरापर्यंतच टिकतो. पण माहीत असणं वेगळं आणि तो आपल्याच हाताने लिहिलेल्या माणसाला लागू पडणं वेगळं. हर्षालीने नववी ओळ लिहिली. सातवीत मोटर चालू होते, आणि नवव्या ओळीत ‘खालचा’ वर येतो. एवढीच ओळ. पुन्हा चालवलं. या वेळी कंपायलरने नकार दिला आणि नेहमीच्या पद्धतीने तीन जागा दाखवल्या. इथे याने पाहायला घेतलं. इथे तू बदल करते आहेस. आणि इथे, खाली, याचं नाव पुन्हा येणार आहे. तिसऱ्या जागेकडे ती बघत राहिली. अजून काहीच घडलं नव्हतं. मोटर नव्हती, विहीर नव्हती, नऊ ओळी होत्या. आणि त्या नऊ ओळी वाचणारं ते जे काही होतं, ते सातव्या ओळीवर बटणाला हात लावण्याआधी खाली वाकून बघत होतं की कुणी अजून वर यायचं राहिलं आहे का. शेडमध्ये पंख्याचा आवाज होता, खालच्या मजल्यावर कुणीतरी पेटीचा पत्रा ठोकत होतं. कोण उतरलं याची नोंद तर कुणीही ठेवील, तिला वाटलं. पण ज्याचं वर येणं बाकी आहे त्याच्यासाठी थांबणं, हे माणसांनाही जमत नाही. तिला जमलं नव्हतं.

ती दहा वर्षांची होती. श्रावणातल्या उघाडीचा आठवडा होता, दसऱ्यासाठी लावलेला झेंडू गुडघ्याएवढा झाला होता आणि दुपारी माना टाकत होता. लाईट साडेतीनला येणार होती. वडिलांना, म्हणजे नानांना, पंपाचं पाणी गळतं म्हणून दांड्याभोवतीची दोरी बदलायची होती. पंप तेव्हा विहिरीच्या आतल्या कठड्यावर होता, मोटरीचा आणि पंपाचा दांडा उघडा फिरे. त्या भागात विहिरीत उतरायची एक रीत आहे. उतरणारा माणूस स्टार्टरच्या पेटीतल्या तीन फ्यूजपैकी मधला, पांढरा, चिनी मातीचा फ्यूज उपसून घेतो आणि बंडीच्या खिशात घालून सोबत खाली नेतो. मग लाईट आली तरी मोटर त्याच्या खिशात. नानांनी तसंच केलं होतं. हर्षाली शाळेतून आली ती दप्तरासकट विहिरीजवळच्या, पेटी असलेल्या शेडमध्ये गेली. पेटीचं तिला फार वेड. घरातल्या कुणाला फ्यूजला तार बांधता येवो न येवो, तिला येत असे, कारण नाना बांधायचे तेव्हा ती त्यांच्या कोपरापाशी उभी असे. तिने पेटी उघडी पाहिली, मधली जागा रिकामी पाहिली आणि तिला वाटलं फ्यूज जळाला, नाना नवा आणायला नाशकात गेले. लाईट नव्हती, तेव्हा भीतीही नव्हती. तिने खिळ्यावर लटकवलेल्या गुंडाळीतून तांब्याची तार घेतली, दोन टोकांना पीळ देऊन बसवली, आणि कुणाला तरी आश्चर्य वाटेल या आनंदात थांबून राहिली. साडेतीनला शेडमधला बल्ब लागला. तिने हिरवं बटण दाबलं. मोटरीचा तो ओळखीचा चढता आवाज अर्धाच आला, मध्येच अडखळला, आणि विहिरीवरच्या उंबराच्या पलीकडून, जमिनीच्या आतून एक हाक आली. तिने लाल बटण दाबलं. मग ती मक्यात पळाली. मक्याची पानं हातांना कापत होती हे तिला अजून आठवतं. ती परत आली तेव्हा शेजारच्या मळ्यातली माणसं जमली होती, नाना उंबराखाली बसले होते, उजव्या हाताला डोक्याचा फेटा गुंडाळला होता आणि तो भिजत चालला होता. पेटीत तीन फ्यूज जागच्या जागी होते. तार नव्हती. “ऑटोस्विच चालूच राह्यला, लाईट आल्याबरुबर मोटर सुरू झाली,” नाना सांगत होते, “आन फ्यूज काढाया इसरलो मी. माझीच चूक.” दोन बोटं गेली.

त्यानंतरची एकवीस वर्षं नाना विसरभोळे होते. बाजारातून मीठ आणायचं राहिलं तर आई म्हणायची, “जो फ्यूज इसरला तो मीठ काय आठवणार?” आळीतला कुणीही विहिरीत उतरायला निघाला की वरून आवाज यायचा, “कारभारीवाणी इसरू नको रे!” कारभारी हे नानांचंच नाव, आणि नाना स्वतःही हसायचे. फक्त एक नवी सवय त्यांना लागली होती. कितीही लहान काम असो, उतरण्याआधी ते विहिरीच्या काठावर उभं राहून तीन मळे ऐकतील अशा आवाजात ओरडायचे, “उतरतोय गंऽऽ!” आणि वर आल्यावर पुन्हा, “आलो वरऽऽ!” आई म्हणायची, आली दवंडी. हर्षालीला वाटे, ही भीती आहे. ती आपण यांच्या अंगात घातली. तार कुणी काढली हे तिने कधी विचारलं नाही. नानांना माहीत असेल तर ते का बोलत नाहीत, आणि माहीत नसेल तर तार गेली कुठे, या दोन प्रश्नांमध्ये ती शाळा, कॉलेज आणि नोकरी करून आली होती. त्या दुपारकडे दोघंही आपापल्या बाजूने पाहत असावीत असं तिला कधी कधी वाटे. कुणी हात घालत नव्हतं, म्हणून ती जशीच्या तशी राहिली होती.

साडेबाराला ती ललित सरांच्या केबिनमध्ये गेली. ललित सर कंपनीचे मालक, पन्नाशीचे, स्वतः कधीकाळी जळालेल्या मोटरींत नवी तार भरून देत असत. तिने त्यांना आठ ओळी आणि नऊ ओळी दोन्ही दाखवल्या.

“म्हणजे कंपायलर बरोबर आहे,” ते म्हणाले.

“बरोबर आहे, सर. त्याला जेवढं लिहून दिलं तेवढं तो बघतो. पण उद्या आपल्यातल्याच कुणी उतरायची ओळ लिहिली आणि वर यायची लिहायला विसरला, तर तो मोटर अडवणार नाही. आपला प्रोग्राम त्या विसरण्यावर उभा आहे.”

“अगं, पण आपण पाच जण लिहिणारे. शेवटची ओळ कोण विसरेल?”

“विसरत नाही कुणी, सर. बघणाऱ्याला दिसत नाही.” आपला आवाज चढला हे तिच्या लक्षात आलं. “रिकामी जागा दिसते फक्त. रिकामी जागा दोन गोष्टी सांगते. कुणी नाही, किंवा कुणी खाली आहे.”

ललित सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “किती वेळ लागेल?”

“सहापर्यंत.”

“पेट्यांची गाडी सहापर्यंत थांबवू? ड्रायव्हर माझं डोकं खाईल.” मग दाराकडे हात केला. “जा. कर.”

उपाय भाषेतच होता, याचं तिला दुपारभर नवल वाटत होतं. एखाद्या गोष्टीला, ती संपताना करायचं एक काम नेमून देता येतं. निरोपाचं काम. ते नेमलं की कंपायलर त्या गोष्टीला मध्येच संपली असं धरत नाही. तिचा निरोप व्हायचा आहे, म्हणजे ती आहे. कुणी हाक मारो न मारो, पुढे तिचं नाव येवो न येवो. हर्षालीने ‘खालचा’ला निरोप नेमून दिला: जाताना सांगून जा. आणि मग तीच जुनी, आठ ओळींची चाचणी, एक अक्षर न बदलता, पुन्हा चालवली. कंपायलरने नाकारली. तीन जागा दाखवल्या, आणि तिसरी जागा या वेळी शेवटचा महिरपी कंस होता. जिथे काहीच लिहिलेलं नव्हतं तिथे बोट ठेवून तो म्हणत होता, इथे तो वर येईल, तोवर थांब. रोहित सरकत आला, बघून म्हणाला, “भारी.” मग जरा वेळाने, “तू रडतेयस की काय?” ती म्हणाली, सकाळपासून पडद्याकडे बघतेय, डोळे दुखतात. सहाला दहा मिनिटं असताना तिने सही केली.

सातपूरवरून गंगापूर रोड ओलांडून नदीपलीकडे जाईपर्यंत ऊन उतरलं होतं. स्कूटरवर तिला सारखं वाटत होतं की आजच्या कंपायलरला ती कुठेतरी आधी भेटली आहे. मळ्यात झेंडू फुलावर होता. नाना बांधावर बसून उद्याच्या तोडीसाठी पाट्या मोजून ठेवत होते. उजव्या हाताची तीन बोटं पाटीच्या कडेला आकड्यासारखी बसत. ती त्यांच्याशेजारी बसली.

“नाना, सोमवारी पेटी बसवायला लोक येणार आहेत.”

“येऊ द्या की. म्या जागा बघून ठिवतो उद्या.”

“नाना.” आणि मग इतक्या वर्षांत न सापडलेलं वाक्य आपोआप बाहेर आलं. “त्या दिवशी पेटीत तार होती.”

नानांनी हातातली पाटी पाटीत बसवली. “व्हती.”

“मी—”

“तुझीच व्हती. मला काय दिसत नाय? माळा ओवताना तुझी गाठ उलटी पडती. डावरी हायेस. तारेचा पीळ बी उलटा व्हता.” ते झेंडूकडे बघत बोलत होते, जणू उद्याच्या भावाबद्दल. “वर आलो, डाव्या हातानं तार उपसली, खिशातला फ्यूज लावला. लोकं यायच्या आदी.”

“मग सांगितलं का नाही? एकवीस वर्षं तुम्हाला सगळे विसरभोळा म्हणतात.”

“म्हनू दे. तुला सांगितलं आस्तं तर तू पुन्ना पेटीला हात लावला नस्ता. तुझा हात भ्याला आस्ता. लय जीव व्हता तुझा पेटीत.” त्यांनी आणखी एक पाटी रचली. “आन चूक माझीच व्हती, हे काय खोटं नाय. फ्यूज नेला, पन सांगून कुटं गेलो? दहा वर्साच्या पोरीला रिकामी पेटी दिसली. तिनं काय समजावं? म्हनून तवापासून बोंबलून जातो. तुझी आई हसती ती हसती.”

दवंडी म्हणून ऐकलेला तो आवाज तिच्यासाठी होता. इतकी वर्षं, दर खेपेला, घरात असो नसो, हा माणूस काठावर उभा राहून वरच्या मुलीला सांगत होता की मी खाली आहे, आणि वर आल्यावर सांगत होता की आता तू मोकळी. सकाळी तिने नऊ ओळींत पाहिलं ते यांनी कुठे वाचलं होतं? पुढची पाटी त्यांच्याकडे सरकवत ती म्हणाली, “मी आईला सांगणार.”

“सांग. पन आता तिला सवय लागलीय. दुसरं काय म्हनंल मला?” आणि ते त्या तीन बोटांनी तोंड पुसून हसले.

तिने त्याच संध्याकाळी चुलीपाशी बसून आईला सांगितलं. आईची भाकरी तव्यावर करपली. तिने ती उलटली नाही, नुसती काढून बाजूला ठेवली आणि दुसरी थापायला घेतली.

सकाळी सातला नाना नव्या पेटीची तार कुठून उतरवायची ते बघायला विहिरीकडे निघाले. हर्षाली उंबराखाली होती. आई शेडबाहेर पाटीत फुलं भरत होती. नाना काठावर उभे राहिले, पेटीतून उपसून आणलेला फ्यूज बंडीच्या खिशात घातला, खिसा चाचपला, आणि मान वर करून ओरडले, “उतरतोय गंऽऽ!”

“होऽऽ!” हर्षाली ओरडली. आजवर त्या हाकेला कुणी उत्तर दिलं नव्हतं. नाना पायरीवर एक पाय टाकून क्षणभर थबकले, मग खाली गेले. पायऱ्यांवरून त्यांच्या वहाणांचा आवाज खोल खोल जात राहिला आणि मग येईनासा झाला. आईने पाटी खाली ठेवली. पदराला हात पुसत ती शेडमध्ये गेली आणि उघड्या पेटीसमोर, मधल्या रिकाम्या जागेला पाठ लावून उभी राहिली. शेडमधला बल्ब लागला. लाईट आली होती. दोघींपैकी कुणी हललं नाही. झेंडूवर मधमाश्या होत्या, नदीकडून गार वारा येत होता, आणि त्या दोघी कान देऊन विहिरीतून यायच्या हाकेची वाट पाहत उभ्या होत्या.